पाणी, वीज आणि खाजगीकरण : एका शहराच्या अनुभवाचा बोध

लोकांच्या नित्य गरजा भागविणाऱ्या सेवा शासनाने स्वतः चालवाव्यात की खाजगी व्यवस्थापनाकडे सोपवाव्यात, हा प्रश्न बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच वादविला जातो. एका बाजूस खाजगी तेवढे कार्यक्षम असे गृहीत धरले जाते, तर दुसऱ्या बाजूस खाजगी म्हणजे केवळ नफेखोरी असे मानले जाते. प्रत्यक्ष अनुभव मात्र या दोन्ही ठोकताळ्यांत बसत नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, या शहराने हा अनुभव एकाच दशकात दोन वेळा घेतला आहे. २०१४ च्या सप्टेंबर-नोव्हेंबरच्या सुमारास तर उस्मानपुऱ्यासारख्या शहराच्या मध्यवर्ती वस्तीतील कुटुंबाला वीज आणि पाणी या दोन्ही सेवा खाजगी कंपन्यांमार्फत मिळत होत्या. त्यांपैकी पहिली व्यवस्था त्याच नोव्हेंबरमध्ये संपुष्टात आली आणि दुसरी २०१६ मध्ये. असे का घडले, हे समजून घेणे अशा निर्णयांचा विचार करणाऱ्या प्रत्येक नागरिकाला उपयुक्त ठरेल.

खाजगीकरणाचे प्रकार

खाजगीकरण हा शब्द एक असला तरी त्याचे प्रकार अनेक आहेत. मालमत्तेची कायमची विक्री हा एक प्रकार. मालकी शासनाकडे ठेवून वीस-पंचवीस वर्षांसाठी गुंतवणूक व व्यवस्थापन खाजगी संस्थेकडे देणे हा दुसरा. केवळ वितरण आणि वसुलीचे अधिकार देणे हा तिसरा, तर ठराविक कामापुरता मोबदला देणे हा चौथा प्रकार होय. राज्य परिवहन महामंडळ काही बसगाड्या भाडेतत्त्वावर घेते, तेव्हा गाडी ठेकेदाराची असते. परंतु मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचा दर महामंडळाच्या हाती राहतो. उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिर ही महानगरपालिकेची मालमत्ता आहे. अशा वास्तूची विक्री करणे आणि तिची केवळ देखभाल ठेकेदाराकडे देणे, या दोन गोष्टींचे परिणाम सर्वस्वी भिन्न असतात. विकलेली मालमत्ता परत मिळत नाही. करार मात्र मोडता येतो, जरी त्याची किंमत मोजावी लागली तरी.

हा प्रवास एकाच दिशेने होतो असेही नाही. मुंबईतील वीजपुरवठा व वाहतूक करणारी ‘बेस्ट’ ही मूळची खाजगी कंपनी १९४७ मध्ये महानगरपालिकेने ताब्यात घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. निजाम राजवटीत तर १९३२ मध्येच सरकारी बससेवा सुरू झालेली होती.

विजेचा अनुभव

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले आणि वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. वीज कायदा, २००३ मधील तरतुदीनुसार या कंपनीने भिवंडी येथे २६ जानेवारी २००७ पासून वितरणाचे काम फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपविले. १ मे २०११ पासून औरंगाबाद शहरात हेच काम जी.टी.एल. या कंपनीकडे देण्यात आले.

या पद्धतीचे गणित सोपे आहे. फ्रँचायझीला जितकी वीज पुरविली जाते, तितक्या सर्व विजेची किंमत तिने ठरलेल्या दराने महावितरणला द्यावयाची असते. ग्राहकांकडून मात्र राज्य वीज नियामक आयोगाने ठरविलेल्या दरानेच वसुली करता येते. समजा, १०० युनिट वीज दिली आणि ७० युनिटांचीच रक्कम हाती आली, तर उरलेल्या ३० युनिटांचा भार फ्रँचायझीने सोसावयाचा. म्हणूनच चोरी रोखणे, मीटर बदलणे आणि वाहिन्या सुधारणे यांत तिचा स्वतःचा लाभ असतो. भिवंडीत वीजहानी लक्षणीय प्रमाणात कमी झाली आणि तेथील व्यवस्था दीर्घकाळ टिकली. परंतु ज्या ठिकाणी अंदाजाप्रमाणे वसुली होत नाही, तेथे हेच गणित उलटते आणि महावितरणची देणी थकत जातात. औरंगाबादेत थकबाकीच्या प्रश्नावरूनच नोव्हेंबर २०१४ मध्ये करार संपविण्यात आला आणि महावितरणने शहराचा कारभार पुन्हा आपल्याकडे घेतला. नागपूरमधील काही विभागांची व्यवस्थाही २०१९ मध्ये महावितरणकडे परत आली. एकच पद्धत एका गावी यशस्वी होते आणि दुसऱ्या गावी टिकत नाही, यावरून पद्धतीइतकेच महत्त्व बोलीतील अंदाज, कंपनीची आर्थिक कुवत आणि देखरेख यांना आहे, हे स्पष्ट होते.

पाण्याचा अनुभव

मलिक अंबराच्या काळातील नहरींसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर आज मुख्यतः पैठणच्या जायकवाडी जलाशयावर अवलंबून आहे. हे पाणी सुमारे ४५ किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागते. जुन्या दोन जलवाहिन्या अपुऱ्या पडू लागल्यावर ‘समांतर’ नावाने ओळखली जाणारी नवी योजना आखण्यात आली. तिच्या उभारणीसाठी आणि शहरांतर्गत वितरणासाठी २०११ मध्ये २० वर्षांच्या मुदतीचा करार करण्यात आला आणि सप्टेंबर २०१४ पासून औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीकडे पाणीपुरवठ्याचे काम गेले. मुख्य जलवाहिनीचे काम अपेक्षित गतीने पुढे सरकले नाही, तर दुसरीकडे मीटर आणि पाणीपट्टी यांविषयी नागरिकांत असंतोष वाढला. अखेर २०१६ मध्ये महानगरपालिकेने करार रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि वाद न्यायालयात गेला.

करार रद्द झाल्याने मूळ गरज मात्र रद्द झाली नाही. सुमारे १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत हाती घेतलेल्या या योजनेचा खर्च पुढे वाढला आणि कामही लांबले. दरम्यानच्या काळात अनेक वस्त्यांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले आणि टँकरचा खर्च कुटुंबांना सोसावा लागला. चुकलेल्या कराराची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. वाया गेलेल्या वर्षांत ती मोजावी लागते, आणि ती सर्वांत जास्त भरतो तो साठवणुकीची टाकी नसलेला गरीब ग्राहक.

कसोट्या

या अनुभवांतून काही कसोट्या निष्पन्न होतात. पहिली कसोटी पर्यायाची. बस नको असेल तर प्रवासी दुसरे वाहन शोधू शकतो. एका घरात दोन कंपन्यांचे नळ येऊ शकत नाहीत. जेथे स्पर्धा शक्य नाही, तेथे मालक बदलल्याने मक्तेदारी नाहीशी होत नाही. दुसरी कसोटी नियमनाची. विजेचे ग्राहकदर ठरविण्यासाठी स्वतंत्र नियामक आयोग आहे. पाण्याच्या बाबतीत जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरविते. शहरातील घरगुती पाणीपट्टीची जबाबदारी मात्र महानगरपालिकेवरच राहते. तिसरी कसोटी जोखमीची. काम रखडल्यास नुकसान कोणी सोसावे, हे करारात आधीच स्पष्ट असले पाहिजे. चौथी कसोटी क्षमतेची. काम दुसऱ्याकडे सोपविले तरी ते तपासणारे अभियंते आणि लेखापाल संस्थेकडे असलेच पाहिजेत. अन्यथा सेवा परत घ्यावयाची वेळ आल्यास ती चालवणार कोण?

जगातील अनुभवही याहून वेगळा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ मध्ये पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे गेला. पॅरिस शहराने २०१० मध्ये तो पुन्हा सार्वजनिक व्यवस्थेकडे आणला. दोन्हीकडे सार्वजनिक देखरेखीची गरज संपली नाही.

पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार महानगरपालिकेचे अनिवार्य कर्तव्य आहे. काम ठेकेदाराला देता येते. कर्तव्य देता येत नाही. सेवा शासकीय असो वा खाजगी, नळाला पाणी किती दिवसांनी आले, बिल योग्य आले की नाही आणि तक्रारीची दाद लागली की नाही, याच मापाने नागरिक तिचे मूल्यमापन करतो. निर्णय घेणाऱ्यांनीही करारावर सही करण्यापूर्वी हेच माप हाती घ्यावयास हवे.