कोपऱ्याचा खांब

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघालं की डाव्या हाताला उजनीचं पाणी येत-जात राहतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुंपणं सुरू होतात. उसाची, डाळिंबाची, पेरूची, ढाब्यांची, नुसत्या मोकळ्या प्लॉटांची. सहज म्हणून त्यांचे खांब बघत जा. जाळी चकचकीत, गेटवर ताजा रंग, पण खांब एक इकडे तर दुसरा तिकडे कललेला. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, ‘जाळीच हलकी निघाली.’ जाळीचा त्यात फारसा दोष नसतो. दोष जमिनीखाली असतो, आणि बहुतेक वेळा कोपऱ्यात असतो.

हे मला कळलं ते आमच्या घराभोवती कुंपण घातलं तेव्हा. घर गावाच्या कडेला, जागा पाच गुंठे. परसात चिकू, कढीपत्ता, दोन नारळ आणि आईची भाजी. समोर मुरूम, मागे ओढ्याच्या बाजूला काळी. घेर तीनशे फुटांच्या आसपास. शेळ्या येऊन कढीपत्ता ओरबाडायच्या आणि आई त्यांच्यामागे काठी घेऊन धावायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर धावणं थांबलं, तेव्हा कुंपणाचा विषय निघाला.

पण इंदापूर तालुक्यात कुंपण म्हटलं की पहिला प्रश्न जाळीचा येत नाही, हद्दीचा येतो. आणि हा प्रश्न इथे फार जुना आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी शेतवार मोजणीची आणि साऱ्याची जी पद्धत पुढे सगळीकडे नेली, तिची सुरुवात याच तालुक्यात झाली. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात आकारणी केली होती. ती कागदावर फार बारकाईची होती, पण रयतेला झेपली नाही आणि जमिनी ओसाड पडल्या. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर नव्याने मोजायला घेतलं, आणि १८३६ पासून नवा सारा लागू झाला. प्रत्येक शेताला नंबर, आणि हद्दीवर खुणा. खुणेचा दगड रातोरात सरकवणं आणि नांगराच्या फाळाने दरसाल वीतभर बांध कोरणं, हे उद्योगही तेव्हापासूनच जोरात सुरू झाले असावेत.

आता भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, पैसे भरायचे, तारीख मिळते. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. भूकरमापक येतो, हातातल्या रोव्हर यंत्रावर बिंदू धरतो, खुणा दाखवतो, आणि पुढे नकाशाची ‘क’ प्रत हातात येते. हा खर्च वाचवून, ‘आमचं तर सगळं मिटलेलं आहे’ म्हणत खांब रोवणारे पुष्कळ. त्यांची कुंपणं पाहायची तर कोर्टाच्या आवारात जावं लागतं.

मोजणी झाली तरी शेजाऱ्याला बोलवावंच. आमच्या मागच्या शेताचे तात्या बोलावण्याआधीच हजर होते. मी म्हटलं, ‘तात्या, सावलीत बसा की, दोरी लागली की सांगतो.’ तर म्हणाले, ‘बसतो की. पण दोरी माझ्या अंगावर येती का तेवढं बघून बसतो.’ ते दोरी लागेपर्यंत उभेच राहिले. शेवटी कुंपणाचं काम घेतलेल्या मिस्त्रींनी दोरी खुणेपासून पाऊण फूट आमच्या बाजूला घेतली. कारण साधं आहे. खड्डा दीड फूट रुंद, खांब मधोमध. म्हणजे पाऊण फूट काँक्रीट पलीकडे जाणारच. ते स्वतःच्या हद्दीत राहिलं तर उद्या कुणाला बोलायला जागा उरत नाही. तेवढी जागा गेली म्हणून हळहळणारे असतात; त्यांनी वकिलाची फी एकदा विचारून यावी.

मग कुंपण कशाचं? या भागात पूर्वी वई असायची. बाभळीच्या, बोराटीच्या काट्यांच्या शिऱ्या दाबून रचायच्या, जायला-यायला कवाड ठेवायचं, आणि पावसाळ्याआधी दर वर्षी ती दुरुस्त करायची. आता काटे तोडायला आणि ओढायला माणूस मिळत नाही. धनगरांकडे मात्र अजून एक कुंपण शिल्लक आहे, त्यांची वाघर. संध्याकाळी शेतात खुंट्या ठोकून दोरीचं जाळं उभं करायचं, आत कोकरं, सकाळी गुंडाळून घोड्यावर. रोज नवी हद्द, आणि कुणाशी भांडण नाही.

काटेरी तार स्वस्त पडते. १८७४ मध्ये अमेरिकेतल्या ग्लिडनने तिचं पेटंट घेतलं ते तिथल्या माळावरची गुरं अडवायला. मोठं जनावर अडतं, पण शेळी दोन तारांमधून डोकं घालते आणि मागोमाग सगळीच आत जाते. शिवाय घरात लहान मूल असेल तर काटेरी तार नकोच. कडबनवाडीच्या माळालगत राहणाऱ्यांनी तर आणखी विचार करावा. तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, वनखात्याची गवताळ सफारीही आता सुरू झाली आहे. धावत्या हरणाला तार दिसत नाही. आणि कुणी रानडुकरांसाठी तारेत घरचा करंट सोडायचा सल्ला दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मेली आहेत. सौर झटका मशीन वेगळं. ते क्षणभराचा झटका थांबून थांबून देतं. पण तेही शेताच्या कामाचं, परसाच्या नाही.

राहिली चेनलिंक जाळी. दुकानात गेल्यावर दोन आकडे कळायला हवेत. एक गेज, दुसरा जाळीच्या घराचा, म्हणजे छिद्राचा, आकार. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ गेज म्हणजे सुमारे २.६. फुटावर भाव सांगणारा दुकानदार तार बारीक करतो, घर तीन इंचाचं करतो आणि भाव पाडून दाखवतो. जाळी किलोवर विकत घ्यावी आणि गेज पट्टीने तार स्वतः मोजावी. आम्ही १० गेज, दोन इंची घर, पाच फूट उंचीची घेतली. वरची टोकं वळवलेली, कारण पीळ देऊन टोकदार सोडलेल्या जाळीवर साडी, टॉवेल आणि नातवंडांचे शर्ट सगळंच अडकतं.

खांबांबाबत मिस्त्रींना लोखंडी अँगल हवे होते. वेल्डिंगचं काम सोपं, वाहतूक सोपी. मी अडलो ते जमिनीमुळे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून या पट्ट्यात खेळतं आहे. त्याने ऊस आला आणि उसामागून क्षारही आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर पुस्तिका काढली होती, म्हणजे दुखणं शंभर वर्षांहून जुनं. अशा जमिनीत अँगल वरून ठणठणीत दिसतो आणि नेमका मातीलगत, चार बोटांच्या पट्ट्यात, झिजत जातो. ओल, हवा आणि क्षार तिघं तिथेच भेटतात. एके दिवशी म्हैस अंग घासते आणि खांब कमरेत मोडतो. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर डांबर, तेही मातीच्या खाली-वर फूटभर, असं केलं तर अँगल टिकतो. पण करतं कोण? आम्ही सिमेंटचे पोल घेतले. त्यांनाही क्षार चावतात, मात्र पोल भरीव असेल आणि सळई कडेला उघडी पडली नसेल तर सावकाश. पोल घेताना तो आडवा पाडून सळई कुठे दिसते का तेवढं बघावं.

खरं काम सुरू झालं खड्ड्यांपासून. समोरच्या बाजूला मुरूम. पहारीच्या प्रत्येक घावाला ठिणगी, पण एकदा दोन फूट खोल गेलं की खांब तिथेच जाम. मागच्या काळ्या मातीत खड्डा भराभर निघतो आणि सगळी फसगत तिथेच असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगेत हात जातो. दर वर्षी फुगणं आणि आकसणं, आणि दर वर्षी खांब थोडा वर किंवा थोडा आडवा. माणूस घाईत खणतो तेव्हा खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होतो. त्यात ओतलेल्या काँक्रीटला वर रुंद खांदे येतात, आणि फुगलेली माती त्या खांद्यांखाली जोर लावून सगळा ठोकळाच उचलते. मिस्त्री खड्ड्यात उतरून तळ मुद्दाम कोरून घेत होते: खाली रुंद, वर अरुंद. ‘खांब उभा कराया काय लागतंय? त्यो उभा ऱ्हायला पायजे,’ ते खालूनच म्हणाले.

काळी जिथे संपून मुरूम लागला तिथपर्यंत ते खणत गेले. तळाशी मुरूम-खडी ठोकली, मग खांब, ओळंबा, काँक्रीट. वरचा भाग जमिनीपेक्षा दोन बोटं उंच आणि चारी बाजूंनी उतरता केला, म्हणजे खांबापाशी पाणी थांबत नाही. मधले खांब सात फुटी, दोन फूट जमिनीत. कोपऱ्याचे मात्र आठ फुटी, तीन फूट जमिनीत.

कोपऱ्यावर एवढा खर्च का, ते जाळी ताणताना दिसतं. मधला खांब जाळी फक्त धरून ठेवतो. त्याला दोन्हीकडून सारखीच ओढ. कोपऱ्याच्या खांबाला दोन बाजूंच्या तारा दोन दिशांनी आत ओढतात आणि त्याच्या पलीकडे त्याला धरणारं कुणी नसतं. रस्सीखेचीत शेवटचा गडी पाय रोवून मागे झुकतो, त्याचं काम याला करायचं असतं. म्हणून त्याला दोन टेकू, दोन्ही कुंपणांच्या रेषेत. टेकूचा पाय नुसता मातीत टेकवला तर तो मातीत घुसतो आणि खांब आत येतो. त्याच्या पायालाही काँक्रीट लागतं. सरळ रेषेतही पन्नास-साठ फुटांवर असा टेकू दिलेला खांब हवा. रस्त्यावरची बहुतेक कललेली कुंपणं कोपऱ्यातल्या टेकूंच्या पैशांत काटकसर करून उभी राहिलेली असतात.

काँक्रीट भरलं की आठवडाभर पाणी मारून थांबायचं. जाळी दुकानातून आलेली असते, मजुरांना दुसरं काम असतं, सगळ्यांची घाई. इथे मालकाने घट्ट राहावं. मग आधी तीन ताणतारा, वर, मध्ये, खाली. त्या पुलरने ओढायच्या. किती ओढायच्या हे ऋतूवर ठरतं. शंभर फूट तार तीस अंशांच्या फरकाने सेंटीमीटरभर लांबते-आकसते. मेच्या दुपारी कमरेत जोर लावून ताणलेली तार डिसेंबरच्या पहाटे खांबाला आणखी ओढते. मिस्त्री बोटाने तार छेडून आवाज ऐकत होते.

आणि मग ती गोष्ट, जी पाहायला मी काम सोडून उभा राहिलो. जाळीचं बंडल पन्नास फुटांचं येतं. दोन बंडलं जोडायची कशी? मला वाटलं बायंडिंग तारेने बांधतील. मिस्त्रींनी एका बंडलाच्या कडेची एक नागमोडी तार वरच्या टोकाची वळी उघडून फिरवायला सुरुवात केली. ती गोल फिरत फिरत वर निघून आली. दोन्ही जाळ्यांच्या कडा शेजारी धरल्या आणि तीच तार पुन्हा वरून फिरवत खाली सोडली. एका वेढ्यात या जाळीचं घर, दुसऱ्या वेढ्यात त्या जाळीचं. खाली पोचल्यावर टोकं वळवली. जोड कुठे आहे ते नंतर मलाही सापडेना. सबंध जाळी अशाच सुट्या तारांची असते.

ही युक्ती उपयोगी पडली ती साखर कारखान्यांच्या हंगामात. रात्री उसाची ट्रॉली वळताना कोपऱ्यावर घासली. खांब मोडला, दोन्ही बाजूंची जाळी लोंबली, एका ठिकाणी भोक पडलं. सगळी जाळी बदलायला सांगणारे भेटले. मिस्त्रींनी भोकाच्या दोन्ही बाजूंची एकेक तार फिरवून काढली, मधला फाटका तुकडा वेगळा केला आणि उरलेल्या बंडलातला तेवढाच तुकडा घातला. म्हणून काम संपल्यावर उरलेली जाळी भंगारात देऊ नये. कापलेल्या टोकांचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो, तिथे झिंकचा रंग लावायचा.

खांबाचं काम अवघड होतं. मधला खांब मोडला असता तर हात-दोन हात सरकवून नवा लावता आला असता. कोपरा सरकवायचा कुठे? जुना ठोकळा उकरून, साखळी बांधून जॅकने उचलावा लागला. तळ रुंद केलेला, त्यामुळे निघता निघेना. ‘आपलंच काम आपल्याला नडतंय बघा,’ मिस्त्री म्हणाले, आणि त्यात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त होता.

वेलींचा वाद अजून मिटलेला नाही. जाळी दिसली की आईला कारली, दोडका, तोंडली दिसतात. मिस्त्रींचं म्हणणं, नुसत्या जाळीतून वारा निघून जातो. वेल चढला किंवा हिरवी नेट बांधली की तेच शिड होतं, आणि आषाढातला पश्चिमेचा वारा सगळा भार खांबांवर टाकतो. शिवाय पानांखाली ओल राहते, तार लवकर गंजते. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून पश्चिमेची बाजू मोकळी ठेवली आणि पूर्वेला कारली लावली. तिथे मिस्त्रींनी मध्ये दोन खांब जास्त घातले. त्यांचे पैसे कारल्यांतून वसूल होईपर्यंत आई बाजारातून कारली आणू देत नाही.