गेमच्या यंत्रातील चिप : कारागिराची जबाबदारी कोठवर?

टी.व्ही.ला जोडावयाची गेमची यंत्रे दुरुस्त करणारे बरेच कारागीर आपल्या बांधवांत आहेत. "यात चिप बसवून द्या," असे म्हणत गिऱ्हाईक येते. काम अर्ध्या तासाचे असते, मजुरीही बरी मिळते. पण हे काम कायद्यात बसते काय? आम्ही आज येथे त्याचाच विचार करीत आहोत.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन 1994 साली जपानात बाजारात आले. त्याच्या अस्सल सीडीवर खेळाबरोबर एक सांकेतिक खूण असते. साध्या संगणकावर सीडीची नक्कल काढली तर खेळ उतरतो, खूण उतरत नाही. खूण दिसली नाही की यंत्र खेळ चालवीत नाही. मॉडचिप करते ते एवढेच, की आतल्या पट्टीवर चार तारांनी सोल्डर केली म्हणजे ती खूण आपणच यंत्राला पुरविते.

आता यातील मेख पाहा. जपान, अमेरिका व युरोप यांच्या खुणा वेगवेगळ्या होत्या. म्हणजे रोख पैसे मोजून जपानात घेतलेली अस्सल सीडीसुद्धा युरोपच्या यंत्रावर चालत नसे. चिप बसविली की ती चालते, आणि चोरीची नक्कलही चालते. यंत्र आपल्या मालकीचे, तेव्हा त्यात काहीही करू, असे गिऱ्हाईक म्हणते. आमची मेहनत फुकट लुटली जाते, असे खेळ बनविणारे म्हणतात. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

ऑस्ट्रेलियात सोनीने सिडनीच्या एका चिप विक्रेत्यावर खटला भरला. 2005 साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. नक्कल अगोदरच झालेली असते, यंत्रातील कुलूप ती रोखीत नाही, म्हणून हे कुलूप कायद्याने सांगितलेल्या संरक्षणात बसत नाही, असा त्याचा आशय होता. कंपन्यांना हे रुचणे शक्यच नव्हते! अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारानुसार ऑस्ट्रेलियाने 2006 साली कायदा कडक केला. मात्र केवळ प्रदेशवार बाजार वाटून घेण्यासाठी लावलेली कुलपे त्यातून वगळली.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65-अ आले. हक्क बुडविण्याच्या इराद्याने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. येथे इराद्याला महत्त्व आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास हे कलम आड येत नाही. पण दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटविणारा तपशील व कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवलीच पाहिजे. ही अट आपल्या कारागिरांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेली असेल.

तेव्हा दुकानात एक वही ठेवावी व गिऱ्हाइकाची सही घ्यावी. चिपेबरोबर नक्कल केलेले खेळ भरून देण्याचे काम मात्र हाती घेऊ नये. ते कलम 63 खाली येते व तेथे कैद तीन वर्षांपर्यंत आहे. मग वहीतील नोंद उपयोगी पडणार नाही. शंका असेल तेथे वकिलाला विचारावे. आणि नाव लिहून देण्यास जो गिऱ्हाईक कां-कूं करील, त्याचे यंत्र न उघडताच परत करावे.