घरात गाडी एक, चालवणारा एकच का?

मंडळी, आपल्या गावातली कोणतीही दहा घरे नजरेसमोर आणा. त्यांतल्या बऱ्याच घरांच्या ओट्यापुढे आज मोटारसायकल उभी दिसेल. एखाद्या घरापुढे ट्रॅक्टर किंवा चारचाकीही असेल. आता एक गोष्ट मोजून पाहा. त्या घरात अठरा वर्षांवरची माणसे किती आणि त्यांतली गाडी चालवणारी किती? मोठी माणसे पाच असली, तर चालवणारा एक, फार तर दोन. बाकीची मागे बसणारी. हे असे का होते, याचा आज आपण थोडा विचार करू.

कोणालाही विचारा, उत्तर तयार असते. "आमच्या हिला भीती वाटते." "थोरल्याचा हात पहिल्यापासून गाडीवर बसलेला, धाकट्याला त्यातलं काही जमत नाही." "बायकांचं ते काम नव्हे." म्हणजे गाडी चालवणे हा जणू उपजत गुण आहे; कोणी तो घेऊन जन्माला येतो आणि कोणी त्यावाचून.

खरेच तसे आहे का? भाकरीचे उदाहरण घ्या. आपल्याकडे मुलींना भाकरी थापता येते, मुलांना बहुधा येत नाही. म्हणून भाकरी मुलींच्या रक्तात असते, असे म्हणाल का? मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की आई तिला परातीपुढे बसवते. पहिल्या भाकऱ्या फाटतात, करपतात; तरी घरचे खातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा परात पुढे येते. वर्षभरात हात बसतो. मुलाला कोणी परातीपुढे बसवलेच नाही, म्हणून त्याचा हात बसला नाही. गाडीचेही अगदी असेच आहे, फक्त इथे पाळी मुलाला मिळते.

शिकण्याची रीत कशी असते ते शिक्षकमंडळींना सांगायला नको. नवशिक्याला क्लच, गिअर, ब्रेक, आरसा, पुढचा खड्डा आणि मागचा हॉर्न या सगळ्यांकडे वेगवेगळे लक्ष द्यावे लागते. सुरुवातीला मन गोंधळते, हातपाय चुकतात. पण तीच कृती पुन्हा पुन्हा केली की ती मनातून हातापायांत उतरते आणि लक्ष रस्त्याकडे देता येते. बाराखडी गिरवताना जे होते, तेच इथे. याला धाडसापेक्षा सराव लागतो. आणि सरावाला दोन गोष्टी लागतात : गाडी हाताशी असणे, आणि ती चालवण्याचे निमित्त मिळणे.

पहिली गोष्ट गाडीची. पूर्वी बैलगाडीचा कासरा बहुधा घरातल्या पुरुषाच्या हाती असे आणि बायकापोरे मागे बसत. पुढे सायकल आली. ती मधल्या आडव्या दांड्याची, उंच. मुलगे दांड्याखालून पाय घालून अर्धे पेडल मारत शिकले. परकर किंवा लुगडे नेसून ते कसे जमावे? मग स्कूटर आली. बजाजची चेतक १९७२ साली निघाली. किक मारून सुरू करायची, डाव्या मुठीने गिअर बदलायचे. शिवाय त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इतक्या खटपटीने घरात आलेली एकुलती एक गाडी, तिची चावी घरच्या कर्त्याच्याच खिशात राहणार, यात नवल नाही.

त्याच वर्षी पुण्याच्या किनेटिक कंपनीने लुना बाजारात आणली. हलकी, पन्नास सी.सी.ची, पेडलची, पुढून मोकळी. साडी नेसूनही तिच्यावर नीट बसता येई. १९८४ साली किनेटिक होंडा आली. तिला गिअर बदलणे नाही आणि किकचा आग्रह नाही, बटण दाबले की सुरू. मग काय झाले? पुण्यासारख्या शहरांत शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका भराभर गाडी चालवू लागल्या. बायकांचा स्वभाव त्या दहा-बारा वर्षांत पालटला नव्हता. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना आणि मनगटाला सोसेल अशी गाडी मिळाली, एवढेच.

आता दुसरी गोष्ट, निमित्ताची. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. गाडी शिकायला कोणी मुद्दाम वेळ काढत नाही. घरची कामे करता करता माणूस शिकतो. "जा रे, डेअरीवर दूध घालून ये." "जरा खताच्या दुकानात जाऊन ये." "पाव्हण्यांना एस.टी.वर सोड." ही कामे मुलाला सांगितली जातात. प्रत्येक काम म्हणजे त्याचा एक धडा. महिन्याला असे पन्नास धडे त्याला मिळतात आणि घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही की आपण त्याला शिकवतो आहोत. मुलीची, सुनेची कामे घरातली, विहिरीवरची, शेतातली. तिला गाडीचे काम कधी सांगितलेच जात नाही. मग दहा वर्षांनी आपण म्हणतो, "हिला काही येत नाही." ज्याला काम सांगतात तो शिकतो, ज्याला सांगत नाहीत तो मागे बसतो.

धाकट्या भावाचेही तेच होते. थोरला चालवतोच आहे, मग धाकट्याने कशाला? घरातल्या कामांची अशी वाटणी होते आणि एकाला येते म्हणून दुसरा शिकत नाही. एरवी हे सोयीचेच असते. पण हा सगळा डोलारा एका खांबावर उभा राहतो.

शिकवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. मुलगा पडला तर म्हणतात, "पडल्याशिवाय का येतं? ऊठ, बस पुन्हा." बायको पडली तर म्हणतात, "सांगितलं होतं तुला, जमायचं नाही." पडणे दोघांचे सारखेच, पण एकाची शिकवणी तिथे सुरू होते आणि दुसरीची तिथेच संपते. वर्गात ज्या मुलावर पहिल्याच चुकीला गुरुजी ओरडले, तो पुन्हा हात वर करत नाही. "अगं, क्लच सोड! अगं, सोड म्हणतो ना!" अशा ओरडण्याने कोणाचाही क्लच नीट सुटलेला नाही.

याहून एक विचित्र गोष्ट सांगतो. ज्या घरात पस्तीस वर्षांच्या आईच्या हाती गाडी देत नाहीत, त्याच घरात चौदा वर्षांच्या पोराच्या हाती बिनदिक्कत देतात. वर कौतुक करतात, "पाय पुरत नाहीत, पण काय चालवतो!" कायदा याच्या नेमका उलट आहे. अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षाची सवलत फक्त पन्नास सी.सी.पर्यंतच्या गाडीला आहे आणि पेट्रोलवरच्या आजच्या बहुतेक स्कूटरी शंभर सी.सी.च्या वरच्या असतात. २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब करा. रस्त्याचा अंदाज आणि जिवाची जाण आईला अधिक, की पोराला?

यात काय मोठे बिघडले, असे तुम्ही म्हणाल. बिघडते ते अडचणीच्या वेळी. रात्री लेकराला विंचू चावतो, कारभारी परगावी असतो आणि गाडी ओट्यापुढे उभी असते. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, हे खरेच; महाराष्ट्रात ही सोय २०१४ पासून आहे. पण आडवाटेच्या वस्तीवर ती पोचेपर्यंतची घटकाभर मोलाची असते. दुसरा प्रसंग लग्नकार्याचा. चालवणारा एकच आणि त्याने थोडी घेतलेली. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक दारू आढळली तर कायद्याने तो गुन्हा आहे. हे घरच्या सर्वांना दिसत असते. पण दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही, म्हणून सगळी निमूटपणे त्याच्याच मागे बसतात. एकच चालवणारा असला की त्याला "तू चालवू नकोस" असे सांगण्याची सोयच उरत नाही.

पाळी दिली तर माणसे शिकतात, याचे दाखले आहेत. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली गेली. हजारो खेडवळ बायका सायकलवर बसल्या. बाजार, पाणी, मुलांची शाळा यांसाठी त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा दांड्याच्या सायकली घेऊन त्या निघाल्या. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव तर रेल्वेचे इंजिन चालवायला शिकल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली आणि २०२५ साली त्या सेवेतून निवृत्त झाल्या. रेल्वेने त्यांना शिकवले आणि पाळी दिली.

घरातल्या प्रत्येकाने गाडी चालवलीच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. ज्याला फेफरे किंवा अचानक भोवळ येते, त्याने चालवू नये. दिवसाच्या उजेडात पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट ज्याला वाचता येत नाही, त्याने आधी डोळे तपासावेत. चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला मागतात, तो उगीच नव्हे. एखाद्याला आवडच नसेल, तर त्याचाही मान राखावा. पण न चालवणे हे त्याने स्वतः ठरवलेले असावे, दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरवलेले नसावे.

तर मग करायचे काय? घरात निदान दोन चालवणारी माणसे असावीत आणि त्यांतली एक शक्यतो दिवसभर घरी-शेतात असणारी असावी. बहुतेक घरांत ती आई किंवा सून असेल. प्रथम शिकाऊ लायसन्स काढावे. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. घरच्या गाडीच्या लायसन्सला शाळेची इयत्ता लागत नाही. रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा मात्र द्यावी लागते आणि ती मराठीतून देता येते. तालुक्याच्या गावी आर.टी.ओ.चे शिबिर भरते, त्याचा दिवस विचारून ठेवावा. सराव मोकळ्या मैदानावर, डोक्यावर हेल्मेट घालून, रोज अर्धा तास करावा. पक्के लायसन्स हाती आले की दुसऱ्या दिवसापासून तिलाच काम सांगावे : डेअरीचे दूध, दळण, दवाखाना. नाहीतर लायसन्स पेटीत राहील आणि हात पुन्हा विसरेल.

गुरुजनांना एक विनंती आहे. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम तुम्ही मुलांना शिकवताच. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी तोच पाठ गावातल्या आयाबहिणींसाठी घ्या आणि सुट्टीच्या दिवशी शाळेचे मैदान त्यांच्या सरावाला मोकळे करून द्या. आणि घरच्या कर्त्या मंडळींनो, त्या मैदानाच्या कडेला उभे राहाल तेव्हा ओरडू नका. पहिली भाकरी तुम्हीही करपलेलीच खाल्ली होती.