धुळीचे आजार (भाग 5) : किती दिवस, हे कशावर ठरतं?

ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसावरच्या आवरणात वीस ते पन्नास वर्षं कसा दबा धरून बसतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यातून होणाऱ्या मेसोथेलिओमा या कॅन्सरचं निदान कळलं की घरचे विचारतात ते एकच : किती दिवस?

डॉक्टर साधारण वर्षभर म्हणतात. हा मधला आकडा आहे. निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यापुढे जगतात, आणि काही जण तर बरेच पुढे जातात. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये पोटातला मेसोथेलिओमा झाला, तेव्हा मधला आकडा आठ महिन्यांचा होता. ते वीस वर्षं जगले आणि 2002 मध्ये दुसऱ्याच कॅन्सरने गेले. असे गूल्ड विरळाच, हेही सांगून टाकतो.

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो पेशींच्या प्रकाराने. तुकड्याच्या (बायोप्सीच्या) रिपोर्टमध्ये ‘एपिथेलिऑइड’ असेल तर त्यातल्या त्यात बरं. ‘सार्कोमॅटॉइड’ असेल तर हिशेब थोड्या महिन्यांचा. मिश्र प्रकार या दोहोंच्या मध्ये. मग वय, आजाराचा पसारा आणि रुग्ण चालता-फिरता आहे की नाही. वजन घटलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं, पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट वाढलेल्या असतील तर चिंता जास्त. बायका पुरुषांपेक्षा थोड्या अधिक जगतात.

उपचारांनी आयुष्य वाढतं, पण महिन्यांनी. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या जोडीने 2003 मध्ये 9.3 महिन्यांचा मधला आकडा 12.1 वर नेला. 2021 मध्ये दोन इम्युनोथेरपी औषधांनी 14.1 वरून 18.1 गाठले, एपिथेलिऑइड नसलेल्या रुग्णांत तर 8.8 वरून 18.1. ऑपरेशनवर मोठी भिस्त होती, पण ब्रिटनमधल्या मार्स-2 चाचणीत (2024) केमोबरोबर ऑपरेशन झालेल्यांचा आकडा 19.3 महिने निघाला आणि नुसत्या केमोवाल्यांचा 24.8. तेव्हा छातीच्या आजारात ‘एकदाचं कापून टाका’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. पोटातल्या मेसोथेलिओमाचं वेगळं; तिथे निवडक रुग्णांना ऑपरेशन आणि गरम केमोचा चांगला उपयोग होतो.

पण हे आकडे चाचण्यांसाठी निवडलेल्या, बऱ्यापैकी धडधाकट रुग्णांचे. शहापूर-मुरबाडकडच्या डोळखांबचा किंवा टोकावड्याचा माणूस उपचारांपर्यंत पोचेपर्यंत बरंच काही ठरून गेलेलं असतं. धाप लागते, फोटो काढला की छातीत पाणी निघतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे आधी टीबी, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्यात डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. मात्र काढलेलं पाणी पुन्हा भरलं, गोळ्या चालू असून वजन उतरतच राहिलं, एका कुशीत सतत दुखत राहिलं, तर कोर्स संपायची वाट पाहू नका. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा कॅन्सर अनेकदा सापडत नाही. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडाच काढावा लागतो. तोवर माणसाने अंथरूण धरलं, तर परळला टाटामध्ये नेऊनही केमो झेपत नाही.

झेपली तरी दर तीन आठवड्यांनी वारी. शहापूरकराला आसनगावहून लोकल तरी आहे. मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठायचं. फॉलिक ॲसिडची साधी गोळी केमोच्या आठवडाभर आधीपासून रोज घ्यायची असते, सोबत बी-12 चं इंजेक्शन. ते चुकलं की रक्तपेशी जास्त उतरतात आणि पुढचा डोस लांबतो.

निदान लवकर व्हायला हवं तर एक माहिती घरच्यांनीच द्यायला हवी : माणसाने तरुणपणी काय काम केलं. मुलुंड-घाटकोपरच्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे, ब्रेक लायनिंग बनत. मुंबईतल्या अशाच एका कारखान्याच्या 181 कामगारांची पाहणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 41 जणांना ॲस्बेस्टॉसिस (याच धुळीने फुप्फुस निबर होण्याचा आजार) होता. नोकरी सोडून गावी शेतीला लागलेला माणूस केसपेपरवर नुसता ‘शेतकरी’ होतो. त्याचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या बायकोला तर कोणी विचारतही नाही. धोका तिलाही असतो. गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे पाहून मात्र घाबरू नका. अखंड पत्रा फारसे तंतू सोडत नाही. ग्राइंडरने कापला की सोडतो.

ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांत जे उशिराचं असेल तोवर ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी दिलेला आहे. कंपनीकडे ती नोंद मागा. घरातला जुना बिल्ला, ईएसआयचं कार्ड, पगाराची पावती शोधून ठेवा, आणि कोणत्या सालापासून कोणत्या खात्यात काम केलं, ते डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. भरपाईसाठी हेच कागद लागतात. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.