कॅमेरा घ्यायचा, पण साधा की प्रोफेशनल?

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचे पैसे मी वेगळे ठेवते. चकली, अनारसे, चिरोटे... पाच दिवाळ्यांचे मिळून यंदा एक लाख बारा हजार झाले. रात्री जेवणं आटोपल्यावर मी जाहीर करून टाकलं, "या पैशांचा मी कॅमेरा घेणार."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग हे म्हणाले, "फोनमध्ये आहे की! आणखी कशाला?" सासूबाई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "घेऊ दे रे तिला. पाटल्या तर मागत नाहीये." बंगळूरहून लेकाचा फोन आला, "आई, घ्यायचाच तर प्रोफेशनल घे. साधा घेऊन पस्तावशील. कमी पडतील ते पैसे मी घालतो."

त्या शेवटच्या वाक्यातच खरी गोम होती. त्याची माया मला कळते हो, पण कॅमेरा माझ्या पैशांत बसायला हवा होता. पोळ्या लाटायचं मशीन, मिक्सर, गॅस, सगळं घरासाठी घेतलं. ही एक वस्तू माझी.

यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे आधी कबूल करते. अंगणातल्या उन्हात फोनचा फोटो इतका छान येतो, की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर वेगळ्या कॅमेऱ्याची मुळीच गरज नाही. माझी अडचण होती आमच्या माजघराची. तिथं दुपारीसुद्धा दिवा लागतो. सासूबाई शहाऐंशीच्या. संध्याकाळी समईसमोर बसतात तेव्हाचं त्यांचं रूप मला टिपायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून फ्लॅशचा झोत त्यांना सोसत नाही. फ्लॅशवाचून फोननं काढावा, तर फोन आपल्या हुशारीनं चार-पाच फोटो एकत्र करतो आणि चेहरा असा गुळगुळीत करून देतो, की सासूबाई मेणाच्या बाहुलीसारख्या दिसतात. मला त्या सुरकुत्यांसकट हव्या होत्या. आणि खरं सांगायचं तर आता थांबायला फार वेळही नव्हता.

दुकानात गेल्यावर पहिला शब्द कानावर पडतो तो 'मिररलेस'. घाबरू नका, त्यात अवघड काही नाही. आमच्या भाऊजींकडे रोल घालायचा जुना एसएलआर होता. त्यात लेन्सच्या मागं तिरपा आरसा असे. आपण पाहायचो ते त्या आरशातून, आणि बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जायचा. नव्या कॅमेऱ्यांतून तो आरसाच काढून टाकलाय. सेन्सरवर जे पडतं तेच थेट पडद्यावर दिसतं. लेन्स बदलता येणारा असा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकनं २००८ साली आणला. कॅनन आणि निकॉननं २०१८ मध्ये फुल फ्रेमचे मिररलेस काढले, आणि आता जवळपास सगळा नवा माल याच जातीचा असतो. आपला फायदा असा, की फोटो काळा येणार की पांढरा फटक, ते बटण दाबण्याआधीच कळतं.

पुण्याच्या एका दुकानात मुलानं माझ्यासमोर दोन कॅमेरे ठेवले. एक कॅननचा आर५० आणि दुसरा त्याच कंपनीचा आर५ मार्क टू. नावांत तसा थोडाच फरक, पण अमेरिकेत बाजारात आले तेव्हा पहिल्याची नुसती बॉडी ६८० डॉलरला होती (२०२३) आणि दुसऱ्याची ४,२९९ डॉलरला (२०२४). सहापटींहून जास्त! आपल्याकडचा आकडा ऐकल्यावर हातातला कॅमेरा मी हलकेच काउंटरवर ठेवला.

एवढे पैसे जातात तरी कशात? बऱ्याचशा गोष्टी खऱ्या आहेत, नुसता थाट नाही. भाऊजींच्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती, महागड्या कॅमेऱ्याचा सेन्सरही तेवढाच. साध्याचा साधारण २२ बाय १५. म्हणजे महागड्यावर अडीचपटींहून जरा जास्तच उजेड पडतो. तो सेकंदाला तीस फोटो काढतो, आणि हात थरथरला तर आतला सेन्सर सावरून घेतो. शिंतोड्यांपासून, धुळीपासून बचाव आहे. फोटो ४५ मेगापिक्सेलचा. साध्याचा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे सहा हजार गुणिले चार हजार ठिपके. त्याचाही वीस इंच बाय तेरा इंच फोटो स्वच्छ छापून येतो. एवढी मोठी तसबीर आपण घरात कितीदा लावतो? उलट ४५ मेगापिक्सेलची एकेक फाइल इतकी मोठी, की घरातला जुना कॉम्प्युटर मान टाकतो.

मग हा भारी कॅमेरा घ्यावा तरी कुणी? त्याचं उत्तर मला माझ्या भाचीकडून मिळालं. ती सांगलीत लग्नाच्या, मुंजीच्या ऑर्डरी घेते. पहिल्या वर्षी तिच्याकडे साधाच कॅमेरा होता, एका कार्डाचा. एका लग्नात ते कार्ड बिघडलं. अंतरपाटापासून वरातीपर्यंतचं सगळं गेलं. हिनं पैसे परत केले, पाया पडली. पण नवरीची आजी दोनच महिन्यांत वारली, आणि नातीच्या लग्नातला तिचा एकही धड फोटो त्या घरात नाही. अजून रस्त्यात त्या बाई दिसल्या की भाची मान खाली घालते. प्रोफेशनल कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा असतात. तोच फोटो एकाच वेळी दोन्हीकडे उतरवता येतो. तिनं कर्ज काढून तसला कॅमेरा घेतला आणि बरोबर केलं. मंगलाष्टकं काही पुन्हा म्हणता येत नाहीत.

मी मात्र पैसे घेऊन कुणाचं लग्न टिपणार नव्हते. तरी मन होतंच ना चळवळं! भाचीनं एक दिवस तिचा कॅमेरा मला वापरायला दिला. (मोठ्या शहरांत असे कॅमेरे दिवसाच्या भाड्यानंही मिळतात. लाखाचा प्रश्न असेल तर ते भाडं आधी जरूर भरा.) लेन्स धरून वजन दीड किलोच्या वर. दुपारपर्यंत मनगट दुखायला लागलं. इतकी बटणं, की एक दाबावं तर दुसरंच काही व्हायचं. आणि गंमत म्हणजे एवढ्या महागड्या कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅशच नाही, तो वेगळा घ्यायचा! साध्याला आहे. साधा त्याच्या लेन्ससकट अर्धा किलो भरतो, साखरेच्या पुड्याएवढा. माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस करणं त्यालाही येतं.

"मामी, पैसे बॉडीत घालू नकोस, लेन्समध्ये घाल," भाची म्हणाली, "बॉडी चार-सहा वर्षांत जुनी होते." मग तिनं मला हिशेब समजावला. आर५० बरोबर १८-४५ ची लेन्स मिळते. झूम पुढं नेलं की तिचं तोंड एफ ६.३ पर्यंतच उघडतं. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. वेगळी मिळणारी ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स त्याच माजघरात बारापट उजेड आत घेते. मोठ्या सेन्सरनं फायदा अडीचपट, या लेन्सनं बारापट. आणि ती लेन्स बॉडीच्या मानानं स्वस्त, वजन १६० ग्रॅम. पुढं कधी त्याच घराण्यातली भारी बॉडी घेतलीच, तर तिलाही बसते. दुसऱ्या कंपनीच्या बॉडीला मात्र बसणार नाही, एका मिक्सरचं भांडं दुसऱ्यावर बसत नाही तसंच. तेव्हा कंपनी निवडताना तिच्या लेन्सचा भाव आधी विचारा.

तिचे तोटेही सांगते, नाही तर मला बोल लावाल. तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर डोळे स्वच्छ आणि कान धूसर असा प्रकार होतो. हळदीकुंकवाला दहा जणी रांगेत उभ्या केल्यात, तर कुणीतरी पुसट होऊन रुसणारच. तिथं सोबतची झूम लेन्सच बरी. शिवाय छोट्या सेन्सरवर ही लेन्स ८० मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागते, म्हणजे मागं सरकावं लागतं. आमच्या माजघरात माझी पाठ थेट फडताळाला लागते!

शेवटी साधी बॉडी, सोबतची लेन्स, ती ५० ची लेन्स, एक जादा बॅटरी आणि दोन कार्डं घेतली. (पडदा सतत चालू असल्यानं मिररलेस बॅटरी भराभर खातो.) पक्कं बिल आणि कंपनीचं वॉरंटी कार्ड मागून घेतलं. बिलाशिवाय स्वस्तात देणारेही भेटतात, तिकडे पाहू नका. सगळं देऊन माझ्या पैशांतून थोडे उरलेसुद्धा. लेकाला कळवलं, "तुझे पैसे तुझ्याजवळच राहू देत."

एक घरगुती काळजी तेवढी घ्या. पावसाळ्यात लोणच्यासारखी लेन्सलाही बुरशी धरते, आणि एकदा धरली की काचेवर डाग राहून जातात. कोकणात, मुंबईत तर फारच. चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंबू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि वरचेवर काढून वापरा. तेलाच्या, हळदीच्या हातानं काचेला शिवायचं नाही, हे काय आपल्याला सांगायला हवं?

परवा तिन्हीसांजेला घरातले दिवे घालवले, नुसती समई ठेवली. सासूबाई माळ ओढत होत्या. फडताळाला पाठ लावून मी सहा फोटो काढले. चौथ्यात त्यांनी मान जराशी वळवली होती. कपाळावरच्या रेघा, नाकातल्या मोरणीवर समईचा एवढासा उजेड, सगळं जसंच्या तसं. मोठा करून आणला आणि त्यांच्या हातात दिला. चष्मा चढवून त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"बरा आहे," म्हणाल्या, "पण पदर तरी सारखा करायला सांगायचंस!"