तारांकित प्रश्नाचे मोल

लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास सामान्यतः प्रश्नोत्तरांचा असतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि कमाल २३० अतारांकित प्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते व विषय तेथेच थांबतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर अध्यक्षांच्या परवानगीने पूरक प्रश्न विचारता येतो. या प्रश्नाचे खरे मोल त्यातच आहे.

१९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. लोकसभेत त्यावर प्रश्न निघाला. सत्ताधारी पक्षाचेच फिरोज गांधी यांनी तो लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास झाला नाही; लेखी उत्तरे मात्र मिळत राहिली. म्हणजे माहिती मिळाली, प्रतिप्रश्नाची संधी गेली. माहिती देणे आणि जाब देणे यांतील हा फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे अगत्याचे आहे.