चुलीवाचून गोडधोड

स्वयंपाकघरात लहान मुलांच्या वाट्याला बहुधा दोनच कामे येतात : पाने मांडणे आणि दूर उभे राहणे. दूर ठेवण्याचे कारण रास्तच असते. उकळता पाक, तापलेले तेल, कुकरची वाफ यांच्यापाशी सात-आठ वर्षांच्या मुलाला उभे करणे कोणत्याही सुज्ञ गृहिणीला रुचणार नाही. परिणामी दिवाळीत ज्या पदार्थांची मुले सर्वाधिक वाट पाहतात, ते कसे होतात हे मात्र त्यांना दारातूनच पाहावे लागते. फार तर शेवटी लाडवावर बेदाणा लावण्याचा मान मिळतो.

अग्नीला रजा दिली की हे चित्र पालटते. भट्टीविना करावयाच्या गोड पदार्थांना इंग्रजी धर्तीवर ‘नो-बेक’ म्हणण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे व सुट्टीतील छंदवर्गांत ते हौसेने शिकवले जातात. परंतु ज्या देशातील बहुसंख्य घरांत ओव्हन कधी नव्हताच, त्या देशाला या कल्पनेचे नवल वाटू नये. आपले शिकरण, रामनवमीचा आणि गोकुळाष्टमीचा सुंठवडा, गणपतीपुढची खिरापत हे सारे याच कुळातले. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस असे पाच ‘ख’ एकत्र आणणारी खिरापत तर बाराखडी शिकणाऱ्या मुलासाठीच योजली असावी असे वाटते. पंजाबात उरलेल्या गरम रोटीची तूप-साखर घालून चूरी होते. दक्षिणेत रामनवमीला गूळ, सुंठ व वेलची पाण्यात कालवून पानकम् करतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पिकल्या केळ्याचे रसायन होते. तमिळनाडूत पळणी येथील केळी, गूळ, तूप, मध व खजूर यांच्या पंचामृताला तर २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या सर्वांत मुलांसाठी पहिला धडा म्हणून डाळ्याचा लाडू निवडावा. डाळे आधीच भाजलेले असते, हा त्याचा मोठा गुण. काम करताना मुले बोटे चाटणारच. कच्च्या कणकेत वा बेसनात रोगजंतू असू शकतात, त्यामुळे न भाजलेले पीठ अशा पदार्थांत वापरू नये. डाळ्याच्या बाबतीत ती चिंता राहत नाही. बिहार व उत्तर प्रदेशात हाच लाडू सातूचा करतात. तमिळनाडूत तो ‘मा लाडू’ या नावाने दिवाळीच्या फराळात असतो. बदलीमुळे परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांना वाण्याकडे डाळे मागताना अडचण येते, म्हणून नावे सांगून ठेवलेली बरी : हिंदी मुलखात भुना चना (सोललेला), गुजरातेत दाळिया, कन्नडमध्ये हुरिगडले, तेलुगूत पुट्नाल पप्पु, तमिळमध्ये पोट्टुकडलै.

दीडशे ग्रॅम डाळ्याचे पीठ, ७५ ग्रॅम पिठीसाखर, ७५ ग्रॅमपर्यंत साजूक तूप आणि अर्धा चमचा वेलची पूड एवढेच साहित्य लागते. डाळे मिक्सरमधून काढण्याचे काम मोठ्यांनी करावे, पुढचे मुलांकडे सोपवावे. पीठ चाळणीने चाळणे, काट्यावर तोलणे, साखरेतील गुठळ्या मोडणे या कामांत अर्धा तास सहज जातो व तो वाया जात नाही. मग तुपाची पाळी येते. नागपुरात मे महिन्यात तूप डब्यातच पातळ झालेले असते. दिल्लीत जानेवारीत त्यात चमचा रुतत नाही. तेव्हा तुपाची वाटी कढत पाण्याच्या भांड्यात ठेवून ते पातळ करून घ्यावे (पाणी अर्थातच मोठ्यांनी ओतावे). दोन्ही ठिकाणी कृती एकच, पण मुलाला दिसणारे तूप वेगळे. घन पदार्थ द्रव कसा होतो, हे पाठ्यपुस्तकाआधी येथे कळते.

तूप एकदम ओतू नये. आधी ६० ग्रॅम घालून पीठ हाताने चोळावे. थोडे मिश्रण मुठीत दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर आकार टिकला तर पुरे, भुगा झाला तर आणखी चमचाभर तूप. लाडू वळला जातो तो पातळ तुपामुळे आणि टिकतो तो तूप पुन्हा थिजल्यामुळे. उन्हाळ्यात हे लाडू हातात घेताच फुटतात, त्याचे कारणही हेच. त्या दिवसांत ते शीतकपाटात ठेवावेत.

खरी कसोटी यापुढे असते आणि ती मुलाची नव्हे. पहिला लाडू फुटतो. दुसरा चपटा होतो. शेजारी बसलेल्या आईच्या, आजीच्या वा हौशी वडिलांच्या तोंडी नकळत दोन शब्द येतात : ‘दे इकडे’. मोठ्यांच्या हातून लाडू क्षणात गोल होतो, पण तो मग मुलाचा राहत नाही. अशा दोन-तीन प्रसंगांनंतर मूल पुन्हा स्वयंपाकघरात येण्याचा हट्ट धरत नाही आणि घरातली मंडळी ‘आजकालच्या मुलांना कशात रस नाही’ असे म्हणायला मोकळी होतात. फुटलेला लाडू परत परातीत टाकावा, चमचाभर तूप घालावे, पुन्हा वळावा. चूक इतक्या स्वस्तात व इतक्या लवकर दुरुस्त करता येण्याची सोय शिजवलेल्या पदार्थांत नसते. बिघडलेला पाक बहुधा बिघडलेलाच राहतो.

या कामाबरोबर एक वही ठेवावी. आपल्या घरांतील पाककृतींची मापे अंदाजपंचे असतात : ‘मूठभर’, ‘चिमूटभर’, आणि सर्वांत अवघड म्हणजे ‘मावेल तेवढे तूप’. मोठी माणसे असे माप निमूटपणे मान्य करतात. मूल मात्र ‘म्हणजे किती?’ असे विचारते. तो प्रश्न उडवून लावू नये. आजीची मूठभर साखर वाटीत घेऊन काट्यावर ठेवावी, आकडा मुलाने लिहावा. चिमटीतील वेलची चमच्यात मोजावी. ‘मावेल तेवढे तूप’ शोधण्यासाठी तुपाचे भांडे आधी आणि नंतर तोलले की वजाबाकीने उत्तर मिळते. कितीतरी घरांतील खास चवी अशा वहीअभावी करणाऱ्या हातांबरोबरच संपल्या आहेत. नंतर लेकीसुनांनी कितीही आठवून पाहिले तरी नेमके प्रमाण हाती लागत नाही. हैदराबाद वा अहमदाबादेत वाढणाऱ्या नातवंडाला मराठी लिहिणे जमत नसेल, तर त्याला येत असलेल्या लिपीत लिहू द्यावे. शुद्धलेखनाचा तास वेगळा घेता येईल. उजव्या पानावर साहित्याचा खर्च मांडून प्रत्येक लाडवाची किंमतही काढावी. मिठाईच्या दुकानातील भावाशी ती ताडून पाहण्याची मौज मुलांना फार वाटते.

बिस्किटांचा रोल हा याच घराण्यातील शहरी पाहुणा. मारी बिस्किटांचा चुरा, कोको पावडर, पिठीसाखर व थोडे लोणी दुधाच्या हाताने मळून त्याची पोळी प्लास्टिकच्या कागदावर लाटायची, वर ओल्या खोबऱ्याचे व साखरेचे सारण पसरून गुंडाळी करायची आणि दोन तास थंड करून चकत्या कापायच्या. दूध चमच्याचमच्यानेच घालावे, एरवी त्याची पेज होते. मारी बिस्किट १८७४ साली लंडनमध्ये एका रशियन राजकन्येच्या विवाहानिमित्त तयार झाले व तिचेच नाव त्याला मिळाले, ही माहिती चुरा करता करता मुलांना सांगण्यासारखी आहे. हा पदार्थ दिसायला देखणा, पण बिस्किटांत आधीचीच साखर असल्याने वाढदिवसापुरता ठेवावा.

साखरेचा विषय टाळता येत नाही. मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्याची सूचना दिली. घरी मात्र फलकापेक्षा भागाकार उपयोगी पडतो. वरच्या प्रमाणात बोराएवढे २० लाडू होतात. ७५ भागिले २०, म्हणजे एका लाडवात पावणेचार ग्रॅम साखर. हेच गणित बाजारच्या शीतपेयाच्या बाटलीवर छापलेल्या आकड्याशी लावायला सांगावे, फार उपदेश करावा लागत नाही. ‘गूळ चालतो, मध चालतो’ असा एक समज आहे. हिशेबात तेही साखरेच्याच खात्यात जमा होतात. चव निराळी म्हणून ते अवश्य वापरावेत, पथ्य म्हणून नव्हे.

काही काळजी मात्र सक्तीची आहे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम वा काजू देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. पूड वा कूट करूनच द्यावे. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये. शेंगदाण्याची वा दुधाची अ‍ॅलर्जी असणारी मुले प्रत्येक वसाहतीत असू शकतात, म्हणून डबा शेजारी पाठवण्यापूर्वी चौकशी करावी.

डबा शेजारी जावा आणि तो मुलाच्याच हाती जावा. नव्या गावी बदली होऊन आलेल्या कुटुंबातील मुलाला अनोळखी दार वाजवण्यासाठी निमित्त हवे असते. भाषा येत नसली तरी पाच लाडवांची वाटी पुढे करता येते. रिकामी वाटी परत न देण्याचा शिष्टाचार या देशात जवळजवळ सर्वत्र पाळला जातो. ती कुठे चूरी घेऊन येते, कुठे मा लाडू. त्या पदार्थाचे नाव व प्रमाण विचारून तेही वहीत उतरवून घ्यावे.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात डाळ्याचे लाडू आठ-दहा दिवस चांगले राहतात. ओले खोबरे घातलेला रोल मात्र शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत संपवावा.